नाटक कंपनीचा शालू

"हात वर करा," सोजरबाई म्हणाली.

कोंडीरामनं दोन्ही हात वर केले. कोट काखेत आवळला आणि शिवण टर्रकन उसवली.

"वो नहीं चलेगा," खुर्चीवर सुपारी कातरत बसलेली जेठीबाई म्हणाली. "बँडवाल्याचा कोट आहे तो. बँडवाले सगळे बारीक. फुंकून फुंकून वाळलेले."

सोजरबाईला हसू आलं, पण तिनं ते पदराआड दडवलं. लाल कोट, त्याच्यावर पितळेची बटणं, खांद्यावर पिवळे गोंडे. त्यात आपला नवरा कसा दिसत होता हे बघून तिला मघापासूनच हसायचं होतं. पण हसायला वेळ नव्हता. सुमनचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न तोंडावर आलं होतं. सुमन पिंपरीच्या दवाखान्यात नर्स होती आणि लग्नासाठी तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "आबा, तुम्ही त्या दिवशी कोट घाला." जन्मात कधी कोट न घातलेला माणूस. नवा शिवायचा तर शिंपी मुदत मागत होता. मग शेजारणीनं हे दुकान सांगितलं.

पिंपरी कॅम्पात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत जेठीबाई बसायची. दुकानाला पाटी नव्हती. लोक नुसतं 'जुन्याचं दुकान' म्हणायचे. फाळणीनंतर सिंधमधून ती नवऱ्याबरोबर इथे आली तेव्हा दोघं हातगाडीवर जुने मिलिटरी कोट विकत. पुढे नवरा गेला, हातगाडी जाऊन दुकान आलं, आणि दुकानात जगात कुठेही न मिळणारे कपडे येऊ लागले. खडकीचा कोणी साहेब विलायतेला गेला, पुण्यातली एखादी पारशीण वारली, सर्कशीचा तंबू विकला गेला, की कपड्यांच्या पेट्या हिच्या दारात. पिसांच्या टोप्या, घोडेस्वाराच्या विजारी, एका बाजूनं कसर लागलेले मखमलीचे झगे, पोपटी रंगाचा एकच हातमोजा. कॉलेजातली पोरं गंमत म्हणून यायची. गॅदरिंगवाले यायचे. आणि कोंडीरामसारखे गरज म्हणून येणारेही यायचे. जेठीबाई सगळ्यांना सारखंच ओरडायची.

"ये देखो." तिनं आतून एक पांढरट कोट आणला. जाड सुती, शिंगाच्या बटणांचा. "साहेबाचा. फक्त रविवारी घालायचा. चर्चमध्ये."

हा कोट अंगावर बसला. जणू मापच घेतलं होतं. आतल्या खिशावर निळ्या दोऱ्यानं दोन विलायती अक्षरं काढलेली होती. सोजरबाईनं त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"कुनाचं नाव असंल?"

"कुनाचं का असंना," कोंडीराम म्हणाला. "त्याला ठावं न्हाई, मला ठावं न्हाई."

"बगा तरी कसं दिसतंय." तिनं त्याला खांद्याला धरून आरशाकडे वळवलं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा टेकवलेला होता. कोंडीरामच्या घरी दाढीपुरता आरसा. इतक्या मोठ्या आरशात डोक्यापासून पायापर्यंत आपण दिसतो, हे तो विसरूनच गेला होता. त्यानं कोटाकडे बघितलं, कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. आणि मग त्याची नजर आरशातच मागे गेली. मागे एक पत्र्याची पेटी उघडी होती आणि तिच्या झाकणावर एक शालू टाकलेला होता. डाळिंबी. काठ हिरवे. पदरावर जर अशी भरलेली की पेटीचं झाकण तेवढ्यानंच चकाकत होतं.

तो वळला आणि पेटीपाशी गेला. कोट अंगावर तसाच. शालू त्यानं उचलला, तर रेशीम त्याच्या बोटांना अडकायला लागलं. अठरा वर्षं फाउंड्रीत काळी वाळू थापून थापून बोटांची सालं गव्हाच्या कोंड्यासारखी झालेली. त्यानं हात कोटाला पुसले आणि पुन्हा शालू धरला. मग काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. डाव्या हातानं त्यानं काठ पकडला, उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणली, आणि भराभर निऱ्या घातल्या. एकसारख्या, पानासारख्या. शेवटची निरी बसली तशी त्यानं सगळा जुडगा मनगटावर हलकेच आपटून सारखा केला.

जेठीबाईचा अडकित्ता थांबला होता.

"भाऊ, तुम्ही साड्या नेसवता काय लोकांना?"

कोंडीरामनं निऱ्या सोडून दिल्या. "न्हाई."

"ये नाटक कंपनीचा आहे. पुण्याची कंपनी, बंद पडली. राणीचा शालू. और राणी कोण?" ती खुर्चीत पुढे सरकली. "आदमी. मिशा काढून राणी व्हायचा. ये देखो, खांद्याजवळ. अजून रंग आहे त्याचा."

पदर जिथे खांद्यावर येतो तिथे आतल्या बाजूनं पांढुरका डाग होता. तोंडाला फासायचा सफेदा. कोंडीरामनं पदर नाकाशी नेला. दोन्ही डोळे मिटले.

सोजरबाई हे सगळं बघत होती. कोटाचं बटण लावायला पुढे केलेला तिचा हात तसाच राहिला होता.

"चला," तो एकदम म्हणाला. "उशीर व्हतोय." आणि कोट न काढताच दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. पैसे सोजरबाईनं दिले.

कोंडीरामचं गाव खेडच्या पुढे, भीमेच्या काठी. त्याचा चुलता चिमाजी याचा तमाशाचा फड होता. त्या फडात बायका नव्हत्या. गळ्याचा आणि अंगाचा बरा पोरगा बघून त्यालाच लुगडं नेसवायचे. कोंडीराम मिसरूडही न फुटलेला असताना उभा राहिला आणि पुढे कितीतरी वर्षं उभाच राहिला. त्यानं केस वाढवले. दिवसा ते मुंडाशात गुंडाळून तो रानात कामाला जायचा, आणि जत्रेच्या दिवसांत अंबाडा घालून राणी व्हायचा. वगातली राणी. 'कोंडी आली, कोंडी आली' अशी हाळी उठायची, आणि बैलगाड्या सोडून लांबलांबची माणसं चिखलात बसून राहायची. पाठमोरी यायची त्याची रीत होती. लोकांकडे पाठ करून तो कनातीतून बाहेर पडायचा आणि उभा राहायचा. काहीच करायचा नाही. तेवढ्यानं माणसं गप्प व्हायची.

हे एक. दुसरं असं, की तीच माणसं खेळ संपल्यावर त्याच्या हाताला धरायची. नोट दाताखाली धरून 'घे' म्हणायची. बोलावणं आलं तर नाही म्हणायची सोय नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी मागितलं तर ओंजळ करायला सांगून वरून ओतायची.

छप्पन साली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परतली. गावात बैठक बसली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, भाकरी मागायला जायचं नाही, आणि लोकांपुढे नाचायचं नाही. चिमाजीनं त्याच रात्री ढोलकीची पानं कापली. कोंडीरामला कोणी काही सांगितलं नाही. सकाळी तो नदीवर गेला आणि मेंढरं कातरायच्या कात्रीनं त्यानं आपले केस आपणच कापले. डोकं हलकं झालं. मनही झालं. ते खोटं नव्हतं. पुढे जन्मभर कोणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की तो दिवस माझ्या जन्मातला चांगला दिवस.

पण त्यानंतर बरेच दिवस सकाळी उठताना त्याची मान आपोआप मागे झुकायची, नसलेल्या केसांचा भार सावरायला.

मग सोजरशी लग्न झालं. सुमन झाली. पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहू लागले तसा बासष्ट साली तो इकडे आला आणि फाउंड्रीत लागला. लाकडी नमुना काळ्या वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हाताला काम बसलं. खराळवाडीत खोली घेतली. वस्तीत लोक त्याला मान द्यायचे. कमी बोलणारा, निर्व्यसनी, विहाराच्या वर्गणीत पुढे असणारा माणूस. फडाबद्दल तो कधी बोलला नाही. सोजरबाईला जावेनं पहिल्या दिवाळीलाच सांगितलं होतं, तिनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. तिनं कधी विचारलं नाही.

एकदाच काय ते झालं. सुमन शाळेत असताना गॅदरिंगला नऊवारी नेसायची होती. सोजरबाईला रोजचं लुगडं यायचं, पण गॅदरिंगची चोपून नेसायची नऊवारी नीट जमेना. तिनं दोनदा नेसवलं, दोनदा सोडलं. पोरगी रडायला आली. कोंडीराम दाराकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यानं मागे वळून बघितलं नाही. पण पेपराखाली त्याची बोटं हलत होती. अंगठा, करंगळी. अंगठा, करंगळी. सोजरबाईनं ते बघितलं आणि पोरीला म्हणाली, "चल, शेजारच्या मावशीकडं नेसू."

लग्न झालं. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव होता. पुढे भगवान बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. सुमन पांढऱ्या साडीत, मुलगाही पांढऱ्या कपड्यांत. तो कुरुळीचा, भोसरीच्या एका कंपनीत फिटर. कोंडीरामनं साहेबाचा कोट घातला होता आणि त्रिशरण म्हणताना तो इतका ताठ उभा होता की वस्तीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवत होती.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा त्यानं कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि स्वतः वाढायला घेतलं. मुलाकडच्या पंगतीत टोकाला एक म्हातारा बसला होता. नवऱ्या मुलाच्या आईचा बाप, सोनबा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडली होती. पत्रावळीवर काय वाढलंय ते तो बोटांनी चाचपून बघायचा. कोंडीराम बुंदीची परात घेऊन पंगतीच्या त्या टोकाला आला, वाढलं, आणि परात कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेऊन वळला.

"थांब," म्हातारा म्हणाला.

कोंडीराम थांबला. "काय पायजे, बाबा?"

"चार पावलं चाल बरं."

"काय म्हनता?"

"मला तोंड दिसत न्हाई कुनाचं. पर हलतंय काय ते दिसतंय. आत्ता तू वळलास न्हवं का..." म्हाताऱ्यानं हात पुसले. त्याचा आवाज खाली आला. "तू चिमाजीच्या फडातली कोंडी तर न्हवं?"

बाजूच्या दोघातिघांनी माना वर केल्या. कोंडीरामच्या मागे सोजरबाई वरणाची बादली घेऊन उभी होती. समोर मांडवाच्या टोकाला सुमन मैत्रिणींत बसलेली दिसत होती.

"न्हाई, बाबा," कोंडीराम म्हणाला. "तुमची गल्लत व्हतीय. मी कंपनीत हाय. फौंड्रीत."

"व्हय का?" म्हातारा निराश झाला. "मला वाटलं... आमी लई चालत जायचो तिच्यासाठनं. माझी कारभारीन बाळंतपनात गेली त्या सालची गोष्ट. घरात बसवत नसायचं. तवा कुनीतरी खेळाला नेलं. ती पाठमोरी येऊन हुबी ऱ्हायली, आन् मी रडलो बग. पयल्यांदा. तंवर रडूच आलं न्हवतं." त्याची बोटं पत्रावळीवर फिरली. "कुठं गेला आसंल तो मानूस? मेला आसंल."

"आसंल," कोंडीराम म्हणाला. "बुंदी वाढू का आजून?"

"वाढ थोडी."

कोंडीरामनं वाढली. मग परात उचलून तो पुढच्या पंगतीकडे गेला. सोजरबाईनं त्याच्या पाठीकडे बघितलं. तो अवघडून चालत होता, पायात काटा मोडल्यासारखा. आपली चाल लपवत चालत होता.

सुमन सासरी गेली. खोली एकदम मोठी वाटायला लागली. चार-सहा दिवसांनी सोजरबाई एकटीच कॅम्पात गेली.

"आलीस?" जेठीबाईनं विचारलं. जणू तिची वाटच बघत होती. "कोट आणलास परत?"

"न्हाई. त्यो शालू हाय का?"

जेठीबाई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा माणूस येतो इथे. सांगितलं तुला? शिफ्ट सुटली की येतो. तिथे उभा राहतो, दोन मिनिटं. हात लावत नाही, भाव विचारत नाही. जातो. मी पण काही बोलत नाही. एक गिऱ्हाईक आलं होतं, पडदा शिवायला मागत होतं शालू. त्याला दिला नाही."

सोजरबाई खालच्या फळीवर टेकली. लग्नाआधीचे ते सगळे दिवस, कोंडीराम उशिरा घरी यायचा. 'गाडी चुकली' म्हणायचा.

"आमचं काय हाय, बाई..." ती म्हणाली. तिनं पदराच्या गाठीतले पैसे सोडायला घेतले.

"मला माहीत नाही आणि सांगू पण नको." जेठीबाई उठली, पेटी उघडली, शालू काढला. "माझी शादीची ओढणी तिकडेच राहिली. लाल होती. आता तिकडे कुणाच्या तरी दुकानात असेल. कुणीतरी येऊन उभं राहून बघत असेल." तिनं शालू घडी करायला घेतला, पण मधेच थांबून नुसताच गुंडाळला आणि वर्तमानपत्रात बांधला. "जुनं रेशीम आहे. जपून."

लग्नातून उरलेल्यातले पैसे सोजरबाईनं पुढे केले. जेठीबाईनं ते न मोजता गल्ल्यात टाकले.

कोंडीरामची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. सकाळभर तो घरीच असायचा. सोजरबाई परतली तेव्हा तो बनियन आणि खाकी पँट घालून खाटेवर बसून बुटांना तेल लावत होता. तिनं दार लावून घेतलं, कडी घातली, आणि पुडकं त्याच्या शेजारी ठेवलं.

त्यानं कागद सोडला. बघितलं. कागद परत झाकला.

"हे कशापायी आनलंस?"

"तुमच्यापायी."

"मला काय करायचंय त्याचं?"

"नेसा," ती म्हणाली.

कोंडीरामनं बूट खाली ठेवला. त्याचा चेहरा कठीण झाला. तिला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही.

"सोजर, मला कुनी सोडाय लावलं न्हाई ते. मी सोडलं. माझ्या हातानं. तुला ठावं न्हाई ते काय व्हतं. लुगडं नेसलेल्या मानसाला लोक काय समजत्यात, काय करत्यात, ते तुला सांगाय लागलो तर तू हितं बसायची न्हाईस. म्या पुन्यांदा नेसनार न्हाई. कुनासाठनंच न्हाई."

"बरं."

"तुज्यासाठनं बी न्हाई."

"बरं म्हनलं न्हवं." ती शेगडीपाशी जाऊन बसली. उगाच चिमट्यानं निखारे हलवले. थोड्या वेळानं तिकडे तोंड करूनच म्हणाली, "सगळ्या मुलखानं बगितलं तुमास्नी. त्या आंधळ्या म्हाताऱ्यानं बगितलं. मीच तेवढी न्हाई बगितलं."

बाहेर कोणीतरी नळावर हंडा घासत होतं.

"त्या म्हाताऱ्याला न्हाई म्हनालात," सोजरबाई म्हणाली. "मला लई लागलं ते. का म्हनालात?"

"व्हय म्हनलो असतो तर त्यो काय म्हनला असता? एक कडवं म्हन म्हनला असता." कोंडीराम आपल्या हातांकडे बघत होता. "आन् मी म्हनलं असतं, सोजर. पोरीच्या लग्नात, बाबासाहेबांच्या तसबिरीम्होरं. मला माजाच भरवसा न्हवता. त्यो जवा म्हनला की मी रडलो, तवा माजं पाय..."

मग सोजरबाई उठली. पुडकं उचललं, शालू बाहेर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"मग मला नेसवा. मला न्हाई येत नीट. सुमनच्या टायमाला बी आलं न्हवतं."

त्यानं मान वर केली. ती चाळिशी ओलांडलेली बाई, हातावर गोंदण, टाचांना भेगा, कपाळाशी पिकलेल्या बटा. ती चेष्टा करत नव्हती.

त्यानं हातांना खोबरेल तेल चोळलं, फडक्यानं पुसलं. तरी बोटं रेशमाला अडकतच होती. पण नंतर अडकायची थांबली. किंवा त्याचं लक्ष राहिलं नाही. "पाय जवळ घे," तो म्हणाला. "श्वास सोड. व्हय. आता धर हे." तो गुडघ्यांवर बसला आणि निऱ्या घालू लागला. त्याचा आवाज बदलला होता. वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिनं हा आवाज ऐकला नव्हता. त्यात संकोच नव्हता आणि हुकूमही नव्हता. आपल्याला हे येतं, एवढंच होतं. "काष्टा असा वर घ्यायचा. ओढून न्हाई, बसवून. चालताना पायाला वाट दिली पायजे. लोक निऱ्याच घट्ट करत्यात, मग बाई ओंडक्यावानी चालती." पदर त्यानं खांद्यावर टाकला, मागे गेला, बघितलं, पुन्हा येऊन बोटभर खाली घेतला.

"आता चाल."

ती चालली.

"अगं, डोक्यावर घागर हाय का?" त्याला हसू फुटलं. "मान सोड. आधी मान येती, मग नजर येती. पाय आपसूक येत्यात."

ती पुन्हा चालली. मग तिलाच हसू आलं. "न्हाई जमत."

"अशी न्हाई. हे बग."

आणि कोंडीराम शेगडीपासून खाटेपर्यंत चालत गेला.

बनियन, खाकी पँट, अनवाणी पाय. तिच्याकडे त्याची पाठ होती. खाटेपाशी तो थांबला. काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला, एका पायावर भार देऊन, मान किंचित डावीकडे. खोलीत रिकाम्या खाटेशिवाय समोर काही नव्हतं. तरी तिथे कोणीतरी आहे, फार दिवसांनी भेटतंय, आणि त्याला हाक मारावी की मारू नये हे त्या पाठीला ठरवता येत नाहीये, असं सोजरबाईला स्पष्ट दिसलं. तिला तिची आई आठवली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

मग तो वळला आणि पुन्हा कोंडीराम झाला.

"असं व्हतं व्हय," ती म्हणाली.

"असं व्हतं." तो खाटेवर बसला. त्याला दम लागला होता. "गुडघं ऱ्हायलं न्हाईत आता."

ती त्याच्याजवळ बसायला गेली, आणि बसता बसता शालू मांडीवर चिरला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. घडीच्या रेषेवर रेशीम विरलेलं होतं, ते सरळ फाटत गुडघ्यापर्यंत गेलं. ती घाबरून उठली, तशी दुसरी घडीही गेली.

"आगं बया! म्या फाडलं!"

"तू न्हाई." त्यानं चिरलेले काठ दोन बोटांत धरून बघितले. "पेटीत पडून पडून घडीवर मेलंय. एकदा अंगावर चढंल, एवढाच जीव व्हता त्याच्यात. शिवून बी ऱ्हायाचं न्हाई."

"काढते मी. ठिवते जपून."

तो तिच्या अंगावरच्या शालूकडेच बघत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि कमरेकडे गेलेला हात मागे घेतला. पाळीची वेळ होत आली होती. डबा व्हायचा होता. तिनं चिरलेला भाग मुडपून मांडीखाली घेतला आणि तशीच शेगडीपुढे बसली. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली.

"पीठ लागंल त्याला," कोंडीराम म्हणाला.

"लागू द्या."

तिनं गोळा हातावर घेतला आणि थापायला सुरुवात केली. डाळिंबी रेशीम गुडघ्याशी पसरलं होतं, हिरवा काठ परातीला टेकला होता. मान तिनं नकळत सैल सोडली होती. लांब कंपनीचा भोंगा झाला. कोंडीराम एरवी त्या आवाजाला बुटात पाय घालायचा. तो उठला, भिंतीला टेकवलेला पाट घेतला, तिच्यासमोर टाकून बसला आणि म्हणाला, "एक आत्ताच वाढ. गरम."

भाकरी तव्यावर फुगली. सोजरबाईनं ती उलटून निखाऱ्यावर टाकली आणि जरीच्या पदरानं कपाळावरचा घाम पुसला.